उपाशी पोटी

शटर अर्ध्यावर अडकतं.
वाकून आत येतात सगळे.
सातच्या आधीच बाकावर अकरा जण,
चहाचा घोटही न घेतलेले.

पहिलं नाव, पेंटप्पा गड्डम. वय छप्पन्न.
चौतीस वर्षं यंत्रमागावर, टॉवेल.
बाही वर सारतो तेव्हा
कोपराच्या खळीत कापसाचा तंतू चिकटलेला,
केसाएवढा.
स्पिरिटच्या बोळ्याने पुसते मी तो.
कापसाने कापूस.

"मूठ आवळा, काका. रात्री काय खाल्लं?"
"दहाला एक भाकरी. मग पाणी बी नाही."
खरं बोलतोय. रक्त खोटं सांगणाऱ्यांचे डोळे
आधी घड्याळाकडे जातात.
"भात सोडला, शेंगाचटणी सोडली.
गड्ड्यात नातवाला जिलेबी घेतली
तर कागद बी चाटलो नाही, मॅडम.
मग ही साखर येऊलालीय कुठून?"

मागच्या खेपेचा रिपोर्ट त्याने
मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात जपून आणलाय.
तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक दोन.
खाली सीआरपी, त्याच्याशेजारी बाण,
वर तोंड करून उभा.
"हे काय?"
"दाह," मी म्हणते.
"आग होत नाही मला कुठं."

कसं सांगू.
पाळी सुटावी, दिवे जावेत,
आणि एका मागाचं बटण बंद करायला
कुणीतरी विसरावं;
ताणा संपलेला, बाणा संपलेला,
आणि धोटा आपला रात्रभर
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
काहीच न विणता.
तसं काहीतरी, काका. आत.

तो मान हलवतो. मागाचं त्याला कळतं.

अशोक चौकातून चालत आलाय तो.
वाटेत खणलेला रस्ता,
कोपऱ्यावर पेटवलेला कचरा,
उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा मैल काळा धूर.
घरी नागमणी सुपात तंबाखू पाखडत बसलेली,
खोलीला खिडकी एकच.
माझ्या अर्जात रकाना आहे:
शेवटचं जेवण किती वाजता.
शेवटचा श्वास कसला घेतला,
याला रकाना नाही.
पोट उपाशी होतं त्याचं.
छाती जेवून आली होती.

दर शनिवारी मी एसीची जाळी धुते.
मोरीत काळं पाणी जातं, जातच राहतं.
यंत्राला धूळ चालत नाही,
कंपनीच्या माणसाने दोनदा बजावलंय.
यंत्र तेवीस लाखांचं आहे.

माझी स्वतःची साखर काठावर आहे.
हे मी बाकावर कुणाला सांगत नाही.

"आता जेवा. दोन तासांनी पुन्हा सुई."
"घरी जाऊन यायला परवडत नाही,
हितंच बसतो."
पायरीवर बसून डबा उघडतो,
ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सगळं पथ्याचं.
समोरून सिटी बस जाते.
एका हाताने तो डब्यावर झाकण धरतो
आणि खोकतो.

पहिला घास सात वीस.
मी लिहून घेते.
त्या दुसऱ्या जेवणाची वेळ
कुठून धरायची,
ते पेन हातात ठेवूनही सुचत नाही.

आत कुणीतरी विचारतं, माझा नंबर कधी.

येते.