शेरा

अमळनेरहून खोकं आलं:
चाळीस पिवळ्या टोप्या, चाळीस लांब पिशव्या,
आणि बर्फाच्या डब्यात, चंदेरी पाकिटांतून,
रबराच्या चाळीस इवल्या गोळ्या.

मारुतीच्या पारावर मी सांगायला उभी राहिले,
ह्याला म्हणतात कामगंध सापळा.
मागं बसलेली पोरं एकमेकांच्या पाठीत तोंड लपवून हसली.
सुपडूआबा तेवढे गंभीर:
"कामना वास? तो त मना सदराले बी शे."

खरंच.
इकडं काम म्हणजे निंदणी, कोळपणी,
कोपरापर्यंत चढलेला हिरवट डाग,
पोळ्याच्या आदल्या दिवशीही न सुटणारं.
त्या शब्दाचा दुसरा अर्थ
लोक ओळखतात, उच्चारत नाहीत.

मग सूचना वाचल्या.
गोळीला हात लावू नये.
तंबाखू मळलेला नको, कांदा चिरलेला नको,
साबणाचाही नको.
"मंग ऱ्हायना कोनता हात?" रुख्माबाईंनी विचारलं.
कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

मी एक गोळी चिमट्यात धरून हुंगली.
काही नाही. खोडरबर.
आणि म्हणे ह्यात एक अख्खी चिठ्ठी आहे.
कपाशीवरल्या गुलाबी अळीची आई
अंधारात पोटाचं टोक उचलून
वाऱ्यावर जी सोडते, ती.
कुठल्याशा कारखान्यात तिची नक्कल झाली,
काना नाही चुकला, मात्रा नाही.
नर ती मिशांनी वाचतो,
वाऱ्याला छाती देत, डावीकडे, उजवीकडे,
मध्येच धागा तुटला तर आडवा फिरत,
पुन्हा सापडला की सरळ वर.
टोपीखाली कोणी नसतं.
पिशवीचं तोंड असतं.

खरी मादी त्याच ओळीत तिसऱ्या झाडावर,
पानाच्या पाठीला चिकटून,
हेच म्हणत बसलेली असते.
पण तिची हाक काही रात्रींची.
गोळीची तीन आठवडे.

माझं काम मोजायचं.
सकाळी सहाला, चपला हातात घेऊन,
बोरीकाठच्या काळ्या चिखलातून
सापळा एक ते चाळीस.
करड्या, तांदळाएवढ्या जिवांना
पिशवीच्या गाठीतून तळहातावर ओतायचं.
सलग तीन रात्री आठ आठ सापडले, तर फवारा.
नाहीतर हात आवर.
सोमवारी दोन. मंगळवारी पाच.
बुधवारी झड लागली, शून्य.
अकराव्या सापळ्यात एक बेडूक,
तो मी मोजला नाही.

सुपडूआबा बांधावर बसून बघायचे.
एकदा म्हणाले,
"तुम्ही मारतस नही व माय, पत्ता चुकाडतस."
मी म्हटलं, आबा, तीन फवारे वाचतील तुमचे.
ते म्हणाले, "वाचू दे ना. मी कोठे नही म्हनस?"
आणि चंची उघडली.
मी त्यांना गोळीपासून लांब बसवलं.

तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बदलल्या.
एकवीस नंबरची सुटली, चिखलात पडू लागली,
मी झेलली. नुसत्या हातानं.
हात ओढणीला पुसला.
एवढंच.

ओढणी धुतली, दोनदा, चांगली बडवून,
खोलीबाहेरच्या तारेवर टाकली.
रात्री वीज गेली. बाहेर पाणी घ्यायला आले
तर तार हलत होती, वारा नसताना.
मोबाइलचा उजेड धरला.
निळ्या सुतावर करडे पंख थरथरत होते,
उठत होते, बसत होते,
एकेक वीत पुन्हा पुन्हा तपासत होते,
जणू घडीत कुठंतरी ती असणारच.

मी बराच वेळ उभी राहिले.
झटकायला हात उचलला,
आणि आठवलं, तोच हात.

सकाळी वही उघडली. संख्या: सात.
आठाला एक कमी, म्हणजे काही करायचं नाही.
सापळा क्रमांकाच्या रकान्यात काय लिहावं, सुचेना.
शेवटी लिहिलं: ओढणी, निळी.
शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

वही जिल्ह्याला गेली त्याला महिना झाला.
कोणी काही विचारलं नाही.
ओढणी मी आता खोलीत वाळवते,
खिडकी लावून.