भराव

तक्रार आली होती: मैदान सगळं करपलंय,
एवढा एक तुकडा हिरवा कसा?
पाइप फुटला असणार.
गळती शोधणं माझं काम. गेले.

मॅरोफील्ड, अलाबामा. नगरपालिकेमागे
गवताचा लांबट चौकोन, कडा सुतात धरल्यासारख्या.
एक बाक, आणि बाकामागे
मातीतून हातभर वर आलेले शिडीचे दोन दांडे,
वाकलेले, घासून गुळगुळीत.
शिडी कुठेच उतरत नव्हती.

यंत्र जमिनीला लावून ऐकलं. काही नाही.

"खाली पाइप नाही, पोरी, पोहण्याचा तलाव आहे,"
बाकावरून ऑर्लीन प्रूइट म्हणाली.
तीस वर्षं याच गावचे मीटर वाचलेली बाई.
त्रेसष्टच्या जूनमध्ये कोर्टाने सांगितलं,
सगळ्यांना पोहू द्या.
जुलैत ट्रक आले.
पाणी आधी सोडायला हवं, हेही कुणाला सुचलं नाही;
पहिले दोन दिवस नुसता लाल चिखल.
गोरी पोरं टॉवेल खांद्यावर टाकून
कुंपणाशी उभी. त्यांनाही कुणी काही सांगितलं नाही.
वाटून घ्यायचं तर कुणालाच नको.

"ऑगस्टमध्ये ल्युशस दगडाच्या खाणीत उतरला."
भाऊ. नऊ वर्षांचा.
पुढचं ती बोलली नाही, चष्मा पुसत बसली.

मला पाणवठा हा शब्द आठवला.
तिच्या भाषेत तो सापडेना.
सापडला असता तर हेही सांगावं लागलं असतं
की आमच्या पायरीखाली ओंजळी असायच्या
आणि वर तांब्या,
धार तुटू नये, पण शिवूही नये
एवढ्या अचूक उंचीवर धरलेला.
तांब्या आमचा होता.
मी विचारलं, तुम्हाला पोहता येतं का?

हसली. दर गुरुवारी जाते म्हणाली,
हायवेवरच्या मोटेलात, नातीबरोबर.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी.
काठ सोडत नाही अजून.
पाण्यात तोंड घातलं की कान वाजतात,
कुणीतरी फावड्याने ओढतंय असं.

फॉर्मवर रकाना होता: गळती आढळली का?
पेन धरून बराच वेळ उभी राहिले.
काँक्रीटचा तळ फुटलेला नाही,
म्हणून तर इतक्या वर्षांचा पाऊस तिथेच साठून आहे.
"नाही" लिहिलं. सही केली.

जाताना शिडीच्या दांड्याला हात लावला.
चटका बसला.