खारीक

मला पाळायचा नव्हता.
सुहृद म्हणाला, मावशी, पंधराच दिवस,
व्हिसाचं काम झालं की नेतो.
व्हिसाचं काम झालं.
आता हॅलिफॅक्सहून फोन करतो आणि आधी विचारतो,
दमटपणा किती?
सत्तर टक्के, मी सांगते. पेटीतला.
बाहेरचा तो विचारत नाही.

काळाचौकी, सहावा मजला, काचेची पेटी,
आत बुचाची साल, प्लास्टिकचा वेल,
वेलावर खारकेच्या रंगाचा, वीतभरही नसलेला जीव.
म्हणून नाव खारीक. असला तो, तरी.
मिटायला पापण्या नाहीत,
डोळ्यांवर नुसती काटेरी झालर,
काजळ घालताना कुणाचा तरी हात हलल्यासारखी.

रात्री नऊला त्याचा दिवस उजाडतो.
चमचाभर पूड, दोन चमचे पाणी, सायीइतकं दाट.
आंबा आणि अंजीर, डबा अठराशेचा.
शेवंताबाईने वास घेतला,
ताई, हे आपण खाल्लं तर चालतं का?
मग फवारा. होता इस्त्रीचा,
आता कपडे कोरडेच इस्त्री होतात.
काचेवरचे थेंब तो एकेक चाटतो
आणि शेवटी जिभेने स्वतःचा डोळा पुसतो,
अण्णा बनियनच्या कडेने चष्मा पुसतात तसा.

अण्णांना हे मान्य नव्हतं.
छत्तीस वर्षं गोदीत फिटर. पहिल्याच दिवशी
पंचांग काढून पल्लीपतनाचं पान उघडलं.
मस्तक, कपाळ, उजवा खांदा, डावा गुडघा,
सगळ्यांची फळं होती.
"परदेशी पालीचं काही दिलेलं नाही,"
म्हणाले, आणि पंचांग मिटलं.

मार्चमध्ये तो माझ्या मनगटावर असताना
कुकरची शिट्टी झाली.
शेपूट ओट्यावर पडली, एकटीच वळवळत राहिली.
गॅस बंद करायचं मी विसरले.
ट्यूबलाइटमागे राहते ती आमची घरची,
तिची शेपूट परत आली, जरा आखूड, जरा काळपट.
ह्याची येत नाही. ह्यांच्यात एकदाच.
अण्णांनी लांबून पाहिलं.
त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा केईएमला राहिलाय,
साखरेपायी.
बोलले काही नाहीत.
दुसऱ्या दिवशी मी फवारा उचलला तर
आधीच भरलेला.

पारा अठ्ठावीसच्या वर गेला तर हा धरत नाही.
म्हणून मे महिनाभर आतल्या खोलीत ए.सी., त्याच्यासाठी.
अण्णांना ए.सी. सोसत नाही,
मला अण्णांना एकटं ठेवणं.
आम्ही बाहेर, पंख्याखाली.
बिल आलं की सुहृदला चार शब्द लिहिते,
पाठवायच्या आत पुसते.

एका रात्री अडीचला वीज गेली.
बेस्टचा फोन लागेना.
बर्फाच्या बाटल्या ओल्या पंचात गुंडाळून
मी पेटीला टेकवल्या.
मोबाइलच्या उजेडात काटा बघत बसले.
सत्तावीस. सत्तावीस आणि थोडं.
मागून वारा आला.

अण्णा. खुर्ची ओढून, पाय स्टुलावर,
पंचांगाने वारा घालत होते
पालीला.
हात दुखेल, म्हटलं.
"बॉयलरमध्ये उतरलोय मी.
उकाडा काय ते मला विचार."

साडेचारला दिवे आले.
ट्यूबलाइटमागची चुकचुकली.
अण्णांनी सवयीने खुर्चीच्या हातावर टिचकी मारली,
खरंय, खरंय.
काय खरंय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.
खारीक काचेला चिकटून, चारी पंजे पसरून,
आमच्याकडे बघत होता,
किंवा आमच्यामागच्या भिंतीकडे.
"डोळे मिटत नाही," अण्णा म्हणाले,
"मग हा झोपला ते कळायचं कसं?"
विचारते सुहृदला, म्हटलं,
तिकडे आत्ता रात्रीचे आठ.

"नको," म्हणाले.
"आठवण झाली तर न्यायला यायचा."