उचकी

माझ्याकडे एक छापील कागद होता.
मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या माणसांना मी तो द्यायचे,
डायालिसिसच्या यंत्राशेजारी स्टूल ओढून,
पेनाने फुल्या मारत.
शहाळं नको. केळं नको. खारातली तोर नको.
सुरण चिरून, उकळून, ते पाणी फेकायचं.
"आणि चव?" उमावती नाईक विचारायची.
"चव पाण्याबरोबर मोरीत गेली
तर ह्यांच्या ताटात मी वाढू काय?"

शाणू नाईक, सावईवेऱ्याचे.
एकतीस वर्षं कदंबाची बस चालवली,
आता दिवसाला पाऊण लिटर पाणी.
त्यातच गोळ्यांचे घोट, चहा
आणि सकाळी दहाची पेज.
पेज मोजायची, हे त्यांना पटायचं नाही.
"बाई, पेज म्हणजे जेवण. उदक न्हय."
मी म्हणाले, वाटी कलती करा, वाहील ते पाणी.
ते हसले.
मग एकदा डब्यातली निवळ झाकणात काढून
नुसती शितं खाताना मी त्यांना पाहिलं,
मान खाली घालून,
जणू दुसऱ्या कुणाच्या पानातलं खातायत.

श्रावणात मासळी बंद. रक्तातली प्रथिनं उतरली.
अंड्याचा पांढरा भाग, मी सुचवलं.
उमावती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"सोमवार सोडून," म्हणाली, "आणि वेगळ्या भांड्यात."
फाइलमध्ये मी तसंच लिहिलं:
होकार. वेगळ्या भांड्यात.

चवथ झाली. पुढच्या गुरुवारी
ते आले तेच उचकी घेऊन.
रात्रभर होती. साखर झाली, श्वास धरून झाला.
"शारजेची चली उगडास काढटा,"
दोन उचक्यांमधल्या फटीत ते म्हणाले.
सिस्टर फिलोमेना हसली, शेजारच्या खाटेवरचे हसले.
मीही हसले. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.
आणि हसता हसताच, सवयीने:
काल काय जेवलात?

"सुंगटांचं हुमण. मीठ नाही ना,
म्हणून तिनं आंबटाला दारची करमलं घातली.
कितीक म्हयन्यांनी ताट चाटलं, बाई."

करमल.
पाच धारांचं. आडवं कापलं की चांदणी.
मूत्रपिंडं धड आहेत त्याला ते नुसतं फळ,
नाहीत त्याच्या डोक्यात चढतं,
आणि चढताना आधी
उचकी देतं.

यंत्र ताबडतोब जोडलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले.
दुसऱ्या तासाला शाणू नाईकांनी
पायाशी उभ्या बाईकडे बोट करून
मला हळूच विचारलं, ही कोणाची?
सहाव्या तासाला तिला म्हणाले, घरी जा, गाय बांधायची आहे.
तेव्हा ती स्टुलावर बसली.

माझ्या कागदावर सफरचंद होतं, नाशपती होती,
ब्रोकोली होती, जी सावईवेऱ्यात कुणी पाहिलेली नाही.
करमल नव्हतं.
"तुम्ही फुली मारली नव्हती," उमावती म्हणाली,
"म्हणून घातलं."
भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता कागद उलटा करते, कोऱ्या बाजूला लिहिते.
आधी विचारते, दारात काय आहे?
परसात? शेजाऱ्याच्या कुंपणावरून काय येतं?
निरफणस, बिंबलं, अळू, अंबाडे.
सगळ्याची उत्तरं मला येत नाहीत.
जिथे येत नाहीत तिथे प्रश्नचिन्ह काढते
आणि संध्याकाळी डॉक्टरांना फोन करते.
हुमणाला सोलं, मोजून दोन,
हे उमावतीच्या कागदावर पहिलं.

"झाड तोडूं?" शाणू नाईक विचारतात.
मी म्हणते, राहू दे. वटवाघळं खातील,
त्यांची मूत्रपिंडं ठणठणीत असतात.

शनिवारी वजन दीड किलोच वाढलेलं, शाबास म्हटलं.
त्यांचं लक्ष नव्हतं.
"दोन दिवस झाले, एक उचकी नाही,"
जरा हिरमुसून म्हणाले,
"चलयेक फोन करूंक जाय."