एकसष्टावं नाव

संगणकाला एकच मातृभाषा चालते.
बाण खाली ओढायचा,
एक निवडायची, पुढे जायचं.
नंदिनी मुरुगनला विचारलं, तर म्हणाली,
आईशी तमिळ, पप्पांशी हिंदी,
आणि मांजराशी मराठी, बाई,
मांजर इथलंच आहे ना.
मी तमिळ निवडलं.
मांजर राहून गेलं.

मानखुर्दची ही आमची इमारत.
तळाला हिंदी शाळा, दुसऱ्या मजल्यावर उर्दू,
मधे आम्ही,
चार इयत्ता मिळून एकसष्ट.
वरून बाकं सरकवल्याचा आवाज येतो
पाहुणे आलेल्या घरासारखा.
आमच्याकडे बाकं पुरून उरतात.

एकसष्ट म्हणजे तीन शिक्षक.
साठ म्हणजे दोन.
तिसरी मी, सगळ्यांत शेवटी लागलेली,
म्हणून सगळ्यांत आधी अतिरिक्त.
मोठ्या बाई हे बोलून दाखवत नाहीत,
फक्त सोमवारी पट मोजताना
माझ्याकडे बघत नाहीत.

पालकाचा व्यवसाय : इतर.
इतर म्हणजे हर्षिकाची आई,
जी रात्री दोनला कोळंबी सोलायला जाते
आणि जिच्या वहीवरच्या सहीलाही तो वास असतो.
इतर म्हणजे साईराजचे वडील,
ज्यांच्याबद्दल साईराज एवढंच सांगतो,
ड्युटीला.
इतर म्हणजे जरीचा कारखाना,
आडव्या ताणलेल्या कापडाभोवती बसलेली आठ माणसं,
त्यांतला एक गुलफिशाचा बाप.
पहिलीत नाव घालायला आला तेव्हा
वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं होतं आम्ही.
तो म्हणाला, नाही, इथंच.
इथं राहायचं तर इथलीच भाषा.

वाचन चाचणीत ती अक्षराच्या पायरीवर निघाली.
चौथीतली मुलगी, आणि अक्षरावर.
पर्यवेक्षकांनी लाल गोल केला.
उतारा आमराईचा होता.
तिनं पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं
आणि वेळ संपेपर्यंत उचललं नाही.
वर्गाची सरासरी तिच्या बोटाखाली दबून राहिली.

जानेवारीत कारखाना बंद पडला.
कुणी म्हणालं नालासोपारा, कुणी म्हणालं त्याच्याही पुढे.
गळती आमच्याकडे दोन प्रकारची.
छताची लगेच कळवायची.
दुसरीखाली मी बादली ठेवली :
नाव कापलं नाही.
रोज गैरहजर मांडत गेले, निळ्या शाईनं,
आणि शेऱ्यात लिहिलं, गावी.
सत्तावीस दिवस.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती दारात,
आईचा हात धरून.
दाखला पाहिजे होता.
मी म्हटलं, शिक्का कपाटात आहे,
किल्ली मोठ्या बाईंकडे, त्या मीटिंगला,
सोमवारी या.
किल्ली माझ्या पर्समध्ये होती.
आईनं मान हलवली.
गेली नाही.
दोन गाड्या बदलून आलोय, म्हणाली,
आणि रिकाम्या बाकांपैकी एकावर बसली,
गुडघे वर घेऊन, लहान मुलीसारखी.
मोठ्या बाई पाचला येतील,
तोवर बसते.

पंखा फिरत राहिला.
खाली हिंदीवाल्यांची खिचडीची घंटा झाली.
मी पर्स उघडली.

लिहीत होते तर गुलफिशा टेबलापाशी आली,
माझ्या कोपराजवळून वाकून बघायला लागली.
मग बोट ठेवलं.
बाई, इथं ससा बसलाय.
कुठे?
माझ्या नावात. शहामृग पाहिजे.

पाहिलं. गुलफिसा.
मी खोडलं, शहामृग बसवलं,
शेजारी सही केली.
अभ्यासातील प्रगती : पेन थोडा वेळ तिथंच थांबलं.
चांगली, लिहिलं.
पर्यवेक्षकांच्या लाल गोलाला विचारलं नाही.

त्या गेल्यावर हजेरीपट काढला,
नाव कापायला.
तिथंही ससाच.
मागचा काढला, त्याच्या मागचा काढला,
पहिलीपासून प्रत्येक पटावर तोच,
कान टवकारून बसलेला.
चार वर्षं आम्ही हाक मारत होतो
आणि ती येस बाई म्हणत होती.

सत्तावीस खाने खाली उतरत गेले :
गुलफिसा इद्रिसी, गैरहजर,
गैरहजर, गैरहजर.
तेवढं मात्र खरं होतं.
त्या नावाची मुलगी
आमच्या शाळेत कधी आलीच नव्हती.