फुटाला एक सूत

उद्यमबागेत अडतीस वर्षं मी लाकडाचे साचे केले.
पंपांचे, व्हॉल्व्हचे,
कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या पोटातले.
साचा नेहमी किंचित मोठा धरायचा,
कारण ओतलेलं बीड निवताना अंग चोरतं,
फुटाला एक सूत.
पितळ असेल तर दीड.
कल्लाप्पा मेस्त्रींनी हे माझ्या बोटांवर
पट्टी मारून मारून लिहिलं.

आता माडीवर एक बाकडं, एक शेगडा, चार कानशी,
आणि खानापूरच्या कौलांच्या कारखान्यातलं
ते बुटकं इंजिन.
फुटाला पाऊण इंच.

नातू विचारतो, आजोबा, वंदे भारत का नाही करत?
काय सांगू.
मोठ्या गाड्या मला कायम पाहुण्यासारख्या वाटल्या,
डबे मोजून होईतो लोंढ्याकडे निघून गेलेल्या.
हिचा रूळ सगळा मिळून चार किलोमीटर,
मातीच्या खाणीपासून भट्टीपर्यंत.
मध्ये एक ओढा, दोन जांभळी,
आणि एक फाटक, ज्याला फाटकवाला नव्हता.
म्हैस आडवी आली की रसूलसाब खाली उतरायचे.
म्हशीशी कानडी,
इंजिनाशी उर्दू,
आणि मागच्या डब्याला लोंबकळणाऱ्या आम्हा पोरांना
अस्सल मराठी शिव्या.

वळायला जागाच नव्हती.
भट्टीकडे येताना तोंड पुढे,
परतताना मागे मागे सरत जायची,
देवाला पाठ न दाखवता
देवळातून बाहेर पडावं तशी.

धुराडं निपाणीकडच्या कुठल्याशा बंद गिरणीचं,
दिवा म्हणजे साधा कंदील,
पुढचा एक बफर सागवानी ठोकळा.
कंपनीचा नकाशा मिळाला असता तरी
निम्मी ती त्यात सापडली नसती.
बॉयलरच्या डाव्या अंगाला तेवीस बोल्ट,
उजव्या अंगाला बावीस.
एक कधीतरी गळून पडला, कुणी परत लावला नाही.
मीही नाही लावला.
भोक पाडलं आणि मोकळं सोडलं.
सबंध रेल्वेत असं काही कुणाला ठाऊक असतं का?
ही मात्र एका माणसाच्या डोक्यात
राखेच्या घमेल्यासकट मावायची.

निदान मला तसं वाटायचं.

गेल्या मार्चात मेहताब आली,
रसूलसाबांची धाकटी,
बैलहोंगलच्या कानडी शाळेतून हेडबाई म्हणून निवृत्त.
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिली.
हात लावला नाही.
चहावर साय धरली.
मग म्हणाली,
"बाकी सगळं बरोबर हाय की मामा.
एक पायरी कमी हाय.
अब्बांचा गुडघा धरायचा.
शेवटच्या दोन वर्सांत खाली एक जादा मारून घेतली होती.
गवतात दिसायची नाही."

माझ्याकडे जमवलेले अकरा फोटो.
त्या जागी प्रत्येक फोटोत
कुणीतरी साहेब कमरेवर हात ठेवून उभा.

"केवढी उंच?" मी विचारलं.
तिनं वाकून फरशीवर तळहात आडवा धरला,
"एवढी. मी बसायची त्यावर, डबा घेऊन गेले की."
मी टेप लावला.
तिचा हात थोडा थरथरत होता, पण जागा सोडली नाही.
नऊ इंच.
म्हणजे साडेचार सूत.

रात्री पितळेची पट्टी कापली.
इथे ओतायचं काही नव्हतं,
निवून आकसायचा प्रश्नच नव्हता,
तरी सवयीनं हातानं ती मोठी धरली.
लावून बघितली तर केसभर बाहेर.
कानस उचलली.
कल्लाप्पा असते तर पट्टी बसली असती बोटांवर.

मग खाली ठेवली कानस.
दुखऱ्या गुडघ्याला
पायरी जरा रुंदच बरी.