मार खाल्ला

रुवीत, टायरच्या दुकानावर
माझं टायपिंग सेंटर.
अरबी अर्जाचे दोन रियाल.
रडण्याचे वेगळे घेत नाही.

मंगळवारी जुलेखा मुकादम आलेली,
नवऱ्याच्या व्हिसावर.
मनगट मी पाहिलं नाही, तिनेच दाखवलं.
अर्ज दोनदा वाचून घेतला,
घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवला.
"याची नोकरी गेली की मीही गेले," म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजत बसली.

आज निनाद केळुसकर, वेंगुर्ल्याचा.
बायको स्टाफ नर्स, हा तिच्या व्हिसावर.
दंडावर इस्त्रीचं टोक उमटलेलं,
कडा अजून ओल्या.
"इस्त्री करताना लागलं असं लिहा."
मग तक्रार कसली?
तो बराच वेळ एसीकडे बघत राहिला.
"कायदा सारखाच असेल ना हो,
बाईला नि बाप्याला?"

मी वकील नाही. मला अक्षरं माहीत.
अरबीत पीडित आणि पीडिता यांत
शेवटच्या एका अक्षराचा फरक,
गोल, डोक्यावर दोन टिंबं.
जुलेखाच्या अर्जातून ते पुसत गेले,
नाव बदललं, तारीख बदलली.
बाकी मजकूर राहिला तसाच बसला.

जुलेखाला मात्र मी विचारलं नव्हतं,
एवढे धडधाकट तुम्ही, हात नाही का धरलात?
त्याला विचारलं. निघून गेलं तोंडातून.
"धरला की तिला लागतं," म्हणाला.
"मग अर्ज तिचा होतो."

मराठीत खातो की खाते ते ऐकू येतं,
पण खाऊन झाल्यावर
त्याने मार खाल्ला, तिने मार खाल्ला.
क्रियापद माराकडे बघतं,
खाणाऱ्याकडे बघतच नाही.
हे त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

माझ्या की-बोर्डवरची ती दोन टिंबं
कधीच पुसली गेलीत.
इतर अर्जांनीही झिजली असतील म्हणा.
तरी बोट न बघता तिथेच जातं,
आज दोनदा गेलं,
दोनदा मागे घेतलं.

"प्रिंट काढू?"
"मुलीची शाळा सुटेल आता.
राहू दे तुमच्याकडेच."
फाइलला नाव काय देऊ विचारलं तर
"इस्त्री," म्हणाला, आणि हसला थोडा.

बाही मनगटापर्यंत ओढून
त्याने बटण लावलं.
बाहेर सेहेचाळीस डिग्री.